पोस्टहेस्टमधला 'पोस्ट' कुठला?

सांगलीत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एकाने विचारलंय: 'पोस्टहेस्ट या इंग्रजी शब्दात हेस्ट म्हणजे घाई हे कळतं. पण पोस्ट म्हणजे नंतर ना? मग अर्थ घाईनंतर असा का होत नाही?'

शंका रास्त आहे. पोस्टहेस्ट म्हणजे अत्यंत तातडीने. पोस्टमॉर्टेममधला 'पोस्ट' हा लॅटिनमधला 'नंतर'च. पोस्टहेस्टमधला मात्र टपालातला. त्याचं मूळ 'पोनेरे', म्हणजे ठेवणे, या लॅटिन धातूत. त्यावरून 'पोझिता', ठेवलेली. इटालियनमध्ये 'पोस्ता', फ्रेंचमध्ये 'पोस्त', मग इंग्रजीत 'पोस्ट'. वाटेवर ठरावीक टप्प्यांवर ताजे घोडे ठेवलेले असत, ते ठाणं म्हणजे पोस्ट. पुढे पत्र घेऊन दौडणाऱ्या स्वारालाही तेच नाव पडलं. साताऱ्याच्या गादीची पत्रं जासूद आणि सांडणीस्वार पोचवत, तसा हा तिकडचा निरोप्या.

16व्या शतकात इंग्लंडमध्ये निकडीच्या सरकारी पत्रांच्या पाठीवर लिहीत: 'हेस्ट, पोस्ट, हेस्ट'. म्हणजे 'त्वरा कर, स्वारा, त्वरा कर!' काही पत्रांवर तर शेजारी फाशीचा खांब चितारलेला असे. वाटेत रेंगाळलास तर गाठ कुणाशी आहे, हे निरक्षर स्वारालाही कळावं. या हुकमातला पहिला 'हेस्ट' गळाला, स्वल्पविराम पुसला गेला आणि उरलेल्या दोन शब्दांचं क्रियाविशेषण झालं. मला यात फार आवडतं ते हे, की ती जुनी हाक अजून त्या शब्दात जशीच्या तशी आहे.

जाता जाता: 'पोस्टपोन'मधला पोस्ट 'नंतर'वाला आणि 'पोन' त्याच पोनेरेचा. 'नंतर ठेवणे'. म्हणजे ढकलगाडीच्या शब्दातही टपालाचं नातेवाईक बसलंय, फक्त दुसऱ्या बाकावर.

आता वापर. 'हेस्टिली' म्हणजे घाईघाईने. त्यात गडबड, चूक होण्याची शक्यता सुचते. पोस्टहेस्टमध्ये तो ठपका नाही, नुसती निकड आहे. कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाशी चढू लागलं की नदीकाठच्या लोकांना तातडीने हलवतात. तिथे पोस्टहेस्ट चपखल बसेल. मराठीत 'तातडीने', 'तडकाफडकी' आणि 'घाईघाईने' यांतला पहिलाच निवडा, कारण 'तडकाफडकी'ला रागाची किंवा अविचाराची छटा आहे. शब्द थोडा जुन्या वळणाचा आहे, तेव्हा निबंधात चालेल, पण कार्यालयीन पत्रात साधं 'इमिजिएटली' लिहिलेलं बरं.