वाचकांचे प्रश्न : भरलेला मेलबॉक्स, न वाचता येणारी फाइल आणि सुट्टीतल्या साइट

प्रश्न : जीमेलवर 'स्टोरेज फुल' असं येऊन राहिलं आहे. दोनेक हजार मेल काढून टाकले, तरी आकडा हलत नाही. मुलगा म्हणतो, पैसे भरून जागा घ्या. दुसरा काही उपाय?
— निवृत्त शिक्षक, महाल

उपाय आहे आणि पैसे भरण्याआधी तो करून पाहाच. फुकट खात्यात १५ जीबी जागा मिळते. ती एकट्या मेलची नसते, गूगल ड्राइव्ह आणि गूगल फोटोजही त्याच जागेत राहतात. नुसत्या मजकुराचा मेल काही केबींचा असतो. तसे दोन हजार उडवले तरी शंभर एमबी मोकळे होणं कठीण. म्हणून जागा कोणी खाल्ली ते आधी बघा. संगणकावर गूगल वनचं स्टोरेजचं पान उघडलं की जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोजचे आकडे वेगवेगळे दिसतात.

जीमेलचा आकडा मोठा असेल तर शोधपट्टीच्या उजव्या टोकाचं आडव्या रेघांचं चिन्ह दाबा. 'साइज' या ओळीत 'ग्रेटर दॅन' निवडा, १० लिहा, पुढे 'एमबी' ठेवा आणि 'सर्च' करा. जड मेल तेवढे समोर येतील. ते सरसकट उडवू नका. विम्याची कागदपत्रं आणि पेन्शनच्या स्कॅन केलेल्या प्रती याच ढिगात असतात. हव्या त्या फाइल आधी संगणकावर उतरवून घ्या. जाहिरातींचे मेल मात्र एकगठ्ठा काढता येतात. वरच्या चौकटीवर खूण केली की फक्त त्या पानावरचे, बहुधा ५०, निवडले जातात. यादीच्या वर 'सिलेक्ट ऑल कॉन्व्हर्सेशन्स'ची ओळ उमटते, तिच्यावर क्लिक केलं तर सगळे येतात.

आता तुमचा आकडा का हलला नाही ते. काढलेला मेल 'ट्रॅश'मध्ये जातो, ३० दिवस तिथंच पडून राहतो आणि तोवर जागाही अडवतो. 'एम्प्टी ट्रॅश नाऊ' दाबल्याशिवाय लगेच काहीच मोकळं होत नाही. 'स्पॅम'ही रिकामा करा.

घरच्या खात्यांत खरा भार बहुतेक वेळा फोटोंचा आणि व्हॉट्सॲपचा असतो. १ जून २०२१पासून चढवलेला प्रत्येक फोटो या १५ जीबीत मोजला जातो. अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअप पूर्वी मोजत नसत, आता तोही मोजतात. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'चॅट्स', मग 'चॅट बॅकअप'मध्ये जाऊन 'इन्क्लूड व्हिडिओज' बंद करा आणि बॅकअप पुन्हा घ्या. शुभप्रभातचे व्हिडिओ जपायला १५ जीबी नाहीत.

एक इशारा गंभीरपणे घ्या. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो डिलीट केला की तो फोनमधूनही जातो. चुकून गेलाच तर ६० दिवसांच्या आत तिथल्या ट्रॅशमधून परत आणता येतो. आणि खातं भरलेलं असताना जे मेल परत गेले, ते जागा झाली म्हणून आपोआप येत नाहीत. बँकेला किंवा पेन्शन कार्यालयाला ते पुन्हा पाठवायला सांगा.

प्रश्न : मंडळाची पत्रिका मेलने आली. वर्डची फाइल उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं! व्हायरस आहे का?
— सचिव, महिला मंडळ, नंदनवन

व्हायरस नाही. फाइल जुन्या फॉन्टमध्ये टाइप केली आहे. कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली असतात. कृतिदेवमध्ये 'क' उमटवायला 'डी'ची कळ दाबतात आणि फाइलमध्ये साठतो तोही 'डी'च. तो फॉन्ट ज्या संगणकावर आहे तिथं 'क' दिसतो, बाकी सगळीकडे 'डी'. म्हणून छापखान्यातल्या पडद्यावर नीट दिसणारी पत्रिका तुमच्याकडे येऊन विस्कटते.

नुसती वाचायची असेल तर पाठवणाऱ्याकडून पीडीएफ मागा. त्यात अक्षरांचे आकारही सोबत येतात. मजकूर बदलायचा असेल तर तो युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर देवनागरी म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्यावा लागेल. त्यासाठी इंटरनेटवर कन्व्हर्टर मिळतात. फाइलचा फॉन्ट कोणता, ते पाहून तोच निवडा. बदललेला मजकूर मात्र डोळ्यांखालून घालाच. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये याच्या उलट. त्यामुळे 'निर्णय', 'कार्यक्रम', 'वर्गणी' अशा शब्दांत गफलत होते. 'ळ' आणि आकडेही तपासा. तारीख चुकली तर पत्रिका वाया.

पुढच्या वेळी सुरुवातच युनिकोडमध्ये करा. विंडोज १० किंवा ११मध्ये भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा आणि 'मराठी फोनेटिक' कीबोर्ड निवडा. इंग्रजी-मराठी अदलाबदलीला विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबायचे.

प्रश्न : याच सभासदांना, साठेक जणींना, एकदम मेल पाठवते. एकीने तक्रार केली की तिचा पत्ता सगळ्यांना दिसला.
— त्याच वाचक

तक्रार रास्त आहे. 'टू'मध्ये स्वतःचा पत्ता लिहा आणि सगळ्यांचे पत्ते 'बीसीसी'मध्ये टाका. मग कोणाला कोणाचा पत्ता दिसत नाही आणि 'रिप्लाय ऑल'चा पाऊसही पडत नाही. गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये या साठ जणींना एक लेबल द्या, मग 'बीसीसी'त त्या लेबलचं नाव लिहिलं की पुरे.

प्रश्न : 'आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल' असा मेसेज आला. सोबत लिंक आणि एक फाइल. खरं कसं ओळखायचं?
— गृहिणी, प्रतापनगर

खोटा आहे. विद्युत कायदा २००३च्या कलम ५६नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी किमान पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आज मेसेज आणि आज रात्री अंधार, असं होत नाही.

लिंक दाबण्याआधी पत्ता वाचायला शिका. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघांनंतर पहिली एकटी तिरपी रेघ येते. तिच्या अलीकडचा भाग उजवीकडून डावीकडे वाचायचा. महावितरणची साइट 'महाडिस्कॉम डॉट इन' आहे. 'महाडिस्कॉम डॉट इन डॉट बिलपे डॉट एक्सवायझेड' असा पत्ता असेल तर त्याचा मालक 'बिलपे डॉट एक्सवायझेड' आहे. आधीचं ओळखीचं नाव कोणालाही जोडता येतं.

फाइलच्या नावाचा शेवट 'एपीके' असेल तर ते बिल नव्हे, ॲप आहे. ते फोनमध्ये शिरलं की तुमचे ओटीपी वाचू शकतं. चुकून टाकलंच असेल तर फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच कळवा. पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येतात, म्हणून इथं मिनिटं मोलाची असतात.

प्रश्न : मे महिन्यात दुपारी मुलांना बाहेर सोडता येत नाही. पैसे न लागणाऱ्या, जाहिरातींचा मारा नसलेल्या साइट सुचवा.
— पालक, मनीषनगर

पहिलं नाव लिचेसचं. बुद्धिबळाची ही साइट पूर्ण मोफत आहे, जाहिरात एकही नाही आणि संगणकाशी खेळायला खातंही लागत नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५मध्ये महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर किताब मिळवला, त्या डावांच्या चाली इथं एकेक करून पाहता येतात. मुलांसाठी खातं उघडलंत तर 'किड मोड' सुरू करा, अनोळखी लोकांशी गप्पा बंद होतात. रोज दहा कोडी सोडवणं हे दहा घाईचे डाव खेळण्यापेक्षा जास्त शिकवतं, असं आमचं ठाम मत आहे.

रमण विज्ञान केंद्रातलं तारांगण आवडलेल्या मुलांसाठी स्टेलेरियम वेब, म्हणजे पडद्यावर आकाश दाखवणारी साइट. ठिकाण नागपूर ठेवा, वेळ रात्री नऊची करा आणि पडद्यावर दिसतं ते गच्चीवर जाऊन ताडून पाहा. नासाचं 'खगोलचित्र' पान १६ जून १९९५पासून रोज एक चित्र देतं. मुलांना आपापल्या वाढदिवसाचं चित्र शोधू द्या.

रेडिओ गार्डनवर पृथ्वीचा गोल फिरवून कुठल्याही हिरव्या ठिपक्यावरचं केंद्र ऐकता येतं. आजी-आजोबाही रमतात.

मराठी विश्वकोशाचे वीसही खंड इंटरनेटवर मोफत आहेत. पहिला खंड १९७६चा, म्हणून लोकसंख्या किंवा उत्पादनाचे आकडे जुने असणार. इतिहास, वनस्पती, यंत्रं यांच्या नोंदी मात्र मुलांच्या प्रकल्पासाठी पहिल्या नंबरच्या.

प्रश्न : संत्र्याचा बगीचा आहे. पावसाचा, विजेचा भरवशाचा अंदाज कुठं पाहावा?
— शेतकरी, काटोल

हवामान विभागाच्या नागपूर प्रादेशिक केंद्राची साइट पाहा. जिल्हावार इशारे रंगांत असतात: हिरवा म्हणजे काही नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप घ्या. तुमच्यापासून २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात वीज पडते आहे का, ते त्यात कळतं. फोनचं लोकेशन चालू ठेवा आणि ॲपला ते वापरायची परवानगी द्या, नाहीतर तुमच्या शेताचा इशारा येणार नाही.