लग्न तीन आठवड्यांवर आलंय, चेहऱ्यावर केमिकल पील करून घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की गालांवर मुरुमांचे काळे डाग आहेत, वरच्या ओठावर थोडा वांग आहे, आणि पार्लरमधल्या ताई ‘७० टक्के ग्लायकोलिक’ (पीलसाठी लावतात ते एक आम्ल) एकाच सिटिंगमध्ये करून देते म्हणतात. अगदी हात जोडून सांगते, आत्ता करू नका.

मी गेली नऊ वर्षं एका त्वचारोगतज्ज्ञ मॅडमच्या दवाखान्यात मदतनीस आहे. पील मॅडम लावतात, सेकंद मोजणं आणि पंख्यानं वारा घालणं माझ्याकडे. पण ही नोकरी लागायच्या आधी, बहिणीच्या साखरपुड्यासाठी, मी स्वतः एका पार्लरमध्ये पील करून घेतलं होतं. चेहरा भाजल्यासारखा झाला तेव्हा ‘असंच होतं, म्हणजे काम करतंय’ असं सांगितलं गेलं. तिसऱ्या दिवशी डाव्या गालावर खपली धरली आणि मी ती नखानं काढली. पाच रुपयांच्या नाण्याएवढा तपकिरी डाग पडला, तो फिका व्हायला दहा महिने लागले. साखरपुड्याच्या सगळ्या फोटोंत मी उजवा गाल पुढे करून उभी आहे.

असं का होतं ते समजून घ्या. पील म्हणजे त्वचेच्या वरच्या पेशी एकमेकींना धरून असतात ती पकड आम्लानं सैल करायची. मग वरचा थर सुटतो आणि खालचा नवा वर येतो. हे ठरवून आणि मोजून केलेली जखमच आहे. १९७५ साली फिट्झपॅट्रिक नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी त्वचा उन्हाला कशी वागते त्यावरून तिचे प्रकार मांडले. आज ते सहा धरतात, आणि आपण बहुतेकजण चौथ्या-पाचव्यात येतो. या त्वचेत रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी फार लवकर चिडतात. जरा जास्त भाजलं, सोललं की त्या जास्त रंग तयार करतात. म्हणजे डाग घालवायला गेलो आणि नवा डाग घेऊन आलो. ग्लायकोलिक आम्ल उसात सापडतं, लॅक्टिक आंबलेल्या दुधात. म्हणून ते ‘नैसर्गिक’, काही होत नाही, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

नुसत्या टक्क्यांवरही जाऊ नका. बाटलीतलं द्रावण किती आम्लधर्मी आहे, म्हणजे त्याचा पीएच किती, चेहऱ्यावर किती वेळ ठेवलं, आधी चेहरा किती घासून पुसला, यावर ते किती खोल जाणार हे ठरतं. त्याच ७० टक्क्यांची एक बाटली सौम्य असू शकते आणि दुसरी चटका देणारी. मॅडम नव्या पेशंटला ग्लायकोलिक २०-३० टक्क्यांपासून सुरू करतात. डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठ यांवर आधी व्हॅसलिन लावतात, कारण तिथे द्रावण साचतं. मी सेकंद मोठ्यानं म्हणते. मॅडमची नजर मात्र घड्याळावर नसते, ती त्वचेवर असते. एखाद्या जागी लाली वाढली किंवा पांढरट झाक आली की वेळ उरलेली असली तरी तिथलं आम्ल लगेच सोड्याच्या पाण्यानं मारतात. तुमच्या पार्लरमध्ये ही नजर कुणाकडे आहे, एवढं विचारा.

मुरूम अजून येत असतील तर बहुतेकदा सॅलिसिलिक आम्ल निवडतात, कारण ते तेलात विरघळतं आणि तेलकट छिद्रांत उतरतं. ते लावलं की स्पिरिटचा वास येतो, चुरचुरतं आणि मग चेहऱ्यावर पांढरी भुकटी दिसते. पेशंट घाबरतात, पण ती द्रावण वाळून उरलेली सॅलिसिलिकचीच पूड असते. मँडेलिक आम्ल सावकाश उतरतं, म्हणून नाजूक किंवा सावळ्या त्वचेला ते बरं पडतं. फिनॉलचं खोल पील आपल्या त्वचेवर करत नाहीत. त्यानं कायमचे पांढरे चट्टे पडू शकतात, हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात.

आणि हे सगळं एका सिटिंगमध्ये होत नाही. आधी दोन ते चार आठवडे तयारी असते: सनस्क्रीन आणि डॉक्टरांनी दिलेली रात्रीची क्रीम. मग दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं चार-सहा सिटिंग. लग्नासाठी करायचं तर चार-पाच महिने आधी सुरुवात हवी, आणि शेवटचं पील लग्नाच्या निदान दोन-तीन आठवडे आधी संपलेलं हवं. वांग तर पीलनं फिका होतो, मुळापासून जात नाही. ऊन लागलं की परत वर येतो. आमच्याकडे एक शिक्षिका येतात, रोज स्कूटीवरून शाळेत जातात. पाच सिटिंगनंतर त्यांचा वांग छान फिका झाला आणि मे महिन्यात सनस्क्रीन सुटल्यावर दीड महिन्यात होता तसा दिसायला लागला. मुरुमांचे खड्डे असतील तर ते अशा वरवरच्या पीलनं भरत नाहीत, त्याचे उपाय वेगळे.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण मला विचारायलाच हवी. मेडिकलमधून कुणी सांगितलेली गोरं करणारी ट्यूब लावताय का? त्यांतल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. त्यानं त्वचा पातळ होते आणि तिच्यावर साधं पीलही खोल उतरतं. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, ओठांवर वारंवार ‘जर’ म्हणजे पाण्याचे फोड उठत असतील, दिवस गेले असण्याची शक्यता असेल, तर कुणीही आम्ल लावायच्या आधी ते डॉक्टरांना सांगा. आणि पीलनं जन्माचा रंग बदलत नाही. तसं आश्वासन कुणी दिलं तर तिथून उठून या. तुमच्या रंगात दुरुस्त करण्यासारखं काही नाहीच, आपण फक्त डागांबद्दल बोलतोय.

आता या तीन आठवड्यांत: सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन दोन बोटं भरून, बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. वांगासाठी रंग असलेलं, आयर्न ऑक्साइडवालं सनस्क्रीन जास्त चांगलं, कारण वांगाला नुसता दिसणारा प्रकाशही वाढवतो. ब्लीच नको. शेवटच्या दहा दिवसांत कुठलीही नवी वस्तू चेहऱ्याला लावू नका. उरलेले डाग मेकअपवाली सहज झाकेल, ते तिचं रोजचं काम आहे.

आणि हळदीच्या दिवशी काकू-मावश्या वाटीत लिंबू पिळायला लागतील, त्यांना आधीच सांगून ठेवा. हळद दुधात किंवा तेलात कालवा, लिंबू नको.