अभंगाला वीणा कशाला?

प्रश्न : सुट्टीच्या दिवशी मुंबईतल्या दारूखाना भागातून जहाजांचं भंगार आणून मी शिल्पं करतो. आजोबा भजनी मंडळात होते. ते म्हणायचे त्यातल्या एका अभंगावर सध्या काम चालू आहे. आकार अमूर्तच ठेवला होता, पण बघणाऱ्यांना काही कळेना, म्हणून पत्र्याची वीणा कापून वर जोडली. आता सगळे वीणेबद्दलच बोलतात. शिवाय जीआय (गॅल्व्हनाइज्ड लोखंडी) पाइपवरचा ऑइल पेंट पापुद्रे धरून निघतोय. काय करू? (सोबत फोटो.)
– एक वाचक, लालबाग

उत्तर : आधी वीणा उतरवा. खालची वाकलेली सळई आणि तिच्यावर तिरका बसवलेला, दात झिजलेला गिअर झकास जमलाय. वीणा मात्र वर दुकानाच्या पाटीसारखी लटकतेय.

अभंगाचा अर्थ लोखंडात दाखवू नका, त्याची बांधणी घ्या. मोठा अभंग बोटांवर मोजून बघा. पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारच अक्षरांचा, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्याला. म्हणजे १८ इंचांचे तीन पाइप घेतलेत तर चौथा १२ इंचांचा. मधल्या दोघांना एकच रंग द्या, झालं यमक! तो आखूड तुकडा कुठं टेकवायचा, हे तुमच्या कानाला माहीत असणार. आजोबांची चाल आठवा. अभंग लहान असेल तर चरण दोनच, आठ-आठ अक्षरांचे. मग मांडणीही वेगळी.

रंग सरसकट फासू नका. पिकासोनं १९४२मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं, त्यात सीट सीटही राहते आणि बैलही होते. तुम्हाला बैल नकोय. रंगाखाली गिअरचा गिअरपणा दबतो, उघडा ठेवला की पुन्हा दिसतो. किती दाबायचा, ते तुम्ही ठरवा. मी तरी ते झिजलेले दात उघडेच ठेवले असते, नुसती क्लिअर लॅकर मारून.

आता पापुद्रे. जीआयवर जस्ताचा थर असतो. ऑइल पेंट त्याच्याशी रासायनिक क्रिया करतो, मधे साबणासारखा थर तयार होतो आणि रंग सुटतो. वरून कितीही हात मारा, उपयोग शून्य. सगळा खरवडा, तेलकटपणा धुऊन काढा, पॉलिश पेपर मारा, एच प्रायमर (जस्ताला घट्ट धरणारं अस्तर) लावा, मगच रंग. साध्या लोखंडाला रेड ऑक्साइड प्रायमर चालेल, पण घासल्या दिवशीच लावा. आपल्या खाऱ्या दमट हवेत ते रातोरात गंजतं.

आणि हे गंमतीत घेऊ नका : जीआय वेल्ड करताना निघणारा पांढरा धूर छातीत गेला तर संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. जोडाजवळचं जस्त आधी घासून काढा, मास्क लावा, दार उघडं ठेवा. जहाजाच्या भंगारावरच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो गॅसनं जाळू नका, ओला करून खरवडा, आणि चाळीच्या गॅलरीत तर मुळीच नको, तिथं पोरं खेळतात. रंगकाम दसऱ्यानंतर काढा. तोवर पाइप कापून ठेवता येतील.