जुनं विंडोज पळायचं, नवं रांगतंय?

विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली. तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचा रोख एकच आहे : नवी आवृत्ती जुनीपेक्षा हळू चालते का? त्यांतले काही प्रश्न घेतो.

प्रश्न : माझ्या २०१२च्या डेस्कटॉपवर विंडोज ७ होतं. टॅली आणि एक्सेल झटकन उघडायचं. मुलाने विंडोज ११चा लॅपटॉप घेऊन दिला, तो जुन्यापेक्षा मंद आहे. नवं म्हणजे हळू, असंच समजायचं का? (निवृत्त लेखापाल, सदाशिव पेठ)

तक्रार खरी आहे, निष्कर्ष घाईचा. तुम्ही दोन विंडोजची नव्हे, दोन यंत्रांची तुलना करताय. तुमच्या लॅपटॉपला ४ जीबी रॅम आणि ईएमएमसी स्टोरेज (एसएसडीपेक्षा स्वस्त आणि संथ साठवण) असेल, तर दुखणं तिथेच आहे. २००१मध्ये एक्सपीची किमान गरज ६४ एमबी रॅम होती, विंडोज ७च्या ३२ बिट आवृत्तीची १ जीबी आणि विंडोज ११ची ४ जीबी. यातला ‘किमान’ म्हणजे विंडोज सुरू होण्यापुरतं. त्यावर टॅली, एक्सेल आणि ब्राउझर एकदम उघडलं की रॅम संपते आणि सगळा भार त्या संथ स्टोरेजवर पडतो.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात मेमरीचा आकडा तुमच्या रोजच्या कामात सतत नव्वद टक्क्यांच्या आसपास असेल, तर रॅम वाढवता येते का ते दुकानात विचारा. पुष्कळ स्वस्त लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच झाळलेली असते, मग काही करता येत नाही.

आता नव्या आवृत्त्या जड झाल्यात, हेही नाकारायचं कारण नाही. संगणकशास्त्रज्ञ निकलाउस विर्थ यांनी १९९५मध्येच लिहिलं होतं की हार्डवेअर जितक्या वेगाने सुधारतं, त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर मंदावतं. या वजनातला काही भाग कामाचा आहे : अँटिव्हायरस, डिस्कचं एन्क्रिप्शन (माहिती कुलूपबंद करणं), फाइल शोधण्याची अनुक्रमणिका. काही निव्वळ भरताड. विजेट्सचं पॅनल कोणी मागितलं होतं, हे मला अजून कळलेलं नाही. स्टार्टअप अ‍ॅप्सच्या यादीतून नको ते बंद करा, सुरू होतानाची रडकथा बरीच कमी होईल.

प्रश्न : मिनी प्रोजेक्टसाठी विंडोज १० आणि ११च्या वेगाची तुलना करतोय. एका मित्राच्या लॅपटॉपवर १० आहे, माझ्यावर ११. बटण दाबल्यापासून डेस्कटॉप येईपर्यंत स्टॉपवॉच लावला तर चालेल का? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कर्वेनगर)

नाही चालणार, आणि व्हायवाला पहिल्याच प्रश्नात अडकशील. यंत्र एकच हवं. त्याच डिस्कवर आधी एक आवृत्ती नव्याने टाकायची, सगळी मोजमापं घ्यायची, मग डिस्क पुसून दुसरी. बायोस, म्हणजे विंडोजआधी चालणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, तेच ठेव.

दुसरी अडचण त्या स्टॉपवॉचचीच. २०१२च्या विंडोज ८पासून ‘शट डाउन’ म्हणजे पूर्ण बंद होणं राहिलेलं नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर कर्नेल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हर्सची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी ती नुसती वाचून घेतली जाते. म्हणून तर टास्क मॅनेजरमधला ‘अप टाइम’ शट डाउन करूनही शून्यावर येत नाही. विंडोज ७च्या तुलनेत ८ इतकं झटकन उठायचं, त्यात या युक्तीचा मोठा वाटा होता. पूर्ण बूट मोजायचा तर ‘रीस्टार्ट’ कर.

आकडा हातातल्या घड्याळाचा घेऊ नकोस. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स’च्या नोंदी असतात, तिथली १०० क्रमांकाची नोंद बघ. तिच्यात डेस्कटॉप दिसेपर्यंतचा वेळ आणि त्यानंतर यंत्र शांत होईपर्यंतचा वेळ मिलिसेकंदांत वेगवेगळा मिळतो. लोक चिडतात ते बहुधा या दुसऱ्या वेळेवर : डेस्कटॉप समोर आलाय, क्लिक केलं, काहीच होत नाही.

नव्याने टाकलेलं विंडोज पहिल्या दिवशी मोजू नये. अपडेट उतरत असतात, अनुक्रमणिका बनत असते, डिफेंडर डिस्क चाळत असतो. चार्जर लावून रात्रभर तसंच राहू दे. आणि तू नक्की काय मोजतोयस ते ठरव. पात्र यंत्रावर विंडोज ११ नव्याने टाकलं की मेमरी इंटेग्रिटी (घातक कोडला विंडोजच्या गाभ्यात शिरू न देणारी सुरक्षा) सहसा चालूच असते. ११ची २४एच२ ही आवृत्ती टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलंस, तर बहुतेक लॅपटॉपवर एन्क्रिप्शनही आपोआप सुरू होतं. १०वर दोन्ही बंद असतील, तर फरक आवृत्तीचा नाही, सेटिंगचा. दोन तक्ते कर : एक जसं येतं तसं, दुसरा सेटिंग सारखं करून. माझ्या मते तुझ्या अहवालातला सगळ्यात वाचनीय भाग या दोन तक्त्यांमधलं अंतर असेल.

प्रत्येक चाचणी बऱ्याच वेळा घे आणि सरासरीऐवजी मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) दे. अ‍ॅप पहिल्यांदा उघडायला लागलेला वेळ वेगळा लिही, कारण दुसऱ्यांदा ते रॅममधल्या कॅशमधून (तात्पुरत्या साठ्यातून) येतं. मे महिन्यात करणार असशील तर खोलीचं तापमानही लिही. पुण्याच्या उन्हाळ्यात दुपारी तापलेला लॅपटॉप स्वतःच वेग कमी करतो.

प्रोसेसर आणि बिल्ड क्रमांक विसरू नकोस. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून बऱ्याच प्रोसेसरांत एकाच चिपमध्ये दमदार आणि काटकसरी असे दोन प्रकारचे कोर असतात. कोणतं काम कुठे पाठवावं याबद्दल चिप देते तो इशारा ११ला कळतो, १०ला नाही. आठव्या-दहाव्या पिढीवर हा मुद्दाच येत नाही. उलट ऑक्टोबर २०२१मध्ये ११ आलं तेव्हा एएमडीच्या रायझेन प्रोसेसरांवर त्यांच्या आतल्या एल३ कॅशचा दोष निघाला होता, तो त्याच महिन्यात दुरुस्त झाला. त्या मधल्या दिवसांतली तुलना कुणी आज दाखवली तर तिला अर्थ नाही.

प्रश्न : व्हिस्टा खरंच इतकं वाईट होतं, की नुसतं बदनाम झालं? (हडपसर)

दोन्ही. फाइल कॉपी करण्याचंच घ्या. एक्सपी कॉपी करताना माहिती आधी रॅममधल्या कॅशमध्ये टाकायचं, त्यामुळे सगळं डिस्कवर उतरायच्या आतच खिडकी मिटायची. २००७च्या व्हिस्टाने कॅश टाळून कॉपी सुरू केली. खिडकी काम संपेपर्यंत उघडी राहायची, म्हणून काही वेळा कॉपी लवकर होऊनही उशीर झाल्यासारखं वाटायचं, आणि काही वेळा खरोखरच उशीर व्हायचा. २००८च्या सर्व्हिस पॅक १मध्ये मायक्रोसॉफ्टने बहुतांशी जुनी रीत परत आणली.

रॅमची तक्रार मात्र पूर्ण खरी. प्रत्येक उघड्या खिडकीचं चित्र व्हिस्टा ग्राफिक्स मेमरीतही ठेवायचं आणि मुख्य रॅममध्येही. विंडोज ७ने, योग्य ड्रायव्हर असेल तर, मुख्य रॅममधली प्रत काढून टाकली. किमान गरज जवळपास तीच राहूनही ७ हलकं वाटलं, त्यात याचाही हात होता.

प्रश्न : डीटीपीचं काम करतो. चौथ्या पिढीचा आय३, ८ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क. तपकीर गल्लीत एक जण म्हणाला, टीपीएमची (सुरक्षा चिपची) अट चुकवून विंडोज ११ टाकून देतो, मशीन पळेल. टाकू का? (नारायण पेठ)

मशीन पळणार नाही. मिनिटाला ७२०० फेरे मारणारी ही हार्ड डिस्क विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला साधारण शंभर वेळा वाचू शकते, साधी साटा एसएसडी हजारो वेळा. तेवढे पैसे एसएसडीवर घाला. आहे त्याच विंडोजवर जो फरक दिसेल, तो आवृत्ती बदलून कधीच दिसणार नाही.

अट चुकवून टाकलेल्या ११ला पुढची अपडेट मिळत राहतीलच याची हमी नाही. त्यात कोणी मेमरी इंटेग्रिटी चालू केली तर अजून पंचाईत : तिला लागणारी सोय इंटेलमध्ये सातव्या पिढीपासून आहे. त्याआधीच्या चिपवर ते काम सॉफ्टवेअरने नक्कल करून होतं आणि वेग खातं. वेगाआधी तपासा ते हे, की तुमच्या श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीचं डोंगल (परवान्यासाठी यंत्राला लावायची किल्ली) नव्या विंडोजवर चालतं का. लग्नसराईत हे कळलं तर पत्रिका अडकतील. चालत नसेल, तर ते यंत्र इंटरनेटपासून तोडून फक्त डीटीपीला ठेवा.

प्रश्न : गेमिंगसाठी मेमरी इंटेग्रिटी बंद करावी का? (कोथरूड)

नव्या प्रोसेसरवर फरक थोडा पडतो, तो पण गेमगणिक वेगळा. ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार होतात, तिथे मी चालूच ठेवीन.

प्रश्न : आईच्या जुन्या लॅपटॉपला ४ जीबी रॅम आहे. लिनक्स टाकलं तर? (चिंचवड)

ब्राउझर, व्हिडिओ कॉल आणि थोडं मराठी टायपिंग एवढंच असेल तर जरूर. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, इन्स्क्रिप्ट कळफलक त्यात असतोच. आधी पेनड्राइव्हवरून चालवून वाय-फाय, कॅमेरा आणि आईंचा प्रिंटर चालतो का ते बघा, मगच डिस्कला हात लावा.