मुलीला बीजिंगला सिनेमा शिकायचाय, पाठवू का?

प्रश्न : मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. चिनी भाषेचा क्लास मन लावून करते. बीजिंग फिल्म अकॅडमीत दिग्दर्शन शिकायचं म्हणते. नातेवाईक म्हणतात, तिथे सगळं सरकार ठरवतं, शिकून काय उपयोग? – एक पालक, सांगली

उत्तर : संस्थेच्या दर्जाबद्दल शंका नको. माओच्या काळातल्या सांस्कृतिक क्रांतीत बंद पडलेली ही अकॅडमी १९७८ला पुन्हा सुरू झाली आणि त्या पहिल्याच तुकडीतून झांग यिमोऊ, चेन काइगे यांच्यासारखे दिग्दर्शक निघाले. नातेवाइकांचं म्हणणंही खोटं नाही. फक्त सरकारचा हात शिकण्यापेक्षा पुढे, काम करताना जास्त जाणवतो.

आपल्याकडे सेन्सॉर तयार सिनेमा बघतं. तिथे शूटिंगच्या आधीच कथेचा गोषवारा सादर करावा लागतो. लष्कर, धर्म, परराष्ट्र धोरण असा विषय असेल तर पूर्ण पटकथा. (नाटकाची संहिता आपल्याकडेही परिनिरीक्षण मंडळाकडे जातेच म्हणा.) सिनेमा झाल्यावर पुन्हा तपासणी, मग प्रदर्शनाचा परवाना. तो नसेल तर थिएटर नाही, इंटरनेट नाही आणि परदेशी महोत्सवही नाही. २०१८पासून सिनेमाचं खातं थेट कम्युनिस्ट पक्षाच्या प्रचार विभागाकडे आहे.

याच अकॅडमीत शिकलेले लोऊ ये २००६ला परवानगीशिवाय कान्सला सिनेमा घेऊन गेले. त्यात तिआनआनमेन चौकात १९८९ला चिरडलेल्या विद्यार्थी आंदोलनाचा संदर्भ होता. त्यांच्यावर सिनेमा करायला पाच वर्षांची बंदी बसली. बंदीच्या काळात त्यांनी नानजिंगमध्ये छोट्या डिजिटल कॅमेऱ्यावर गुपचूप दुसरा सिनेमा केला आणि २००९ला तोही कान्सला पोचवला. आता झांग यिमोऊ बघा. १९९४च्या त्यांच्या सिनेमाला चीनमध्ये प्रदर्शन मिळालं नाही, पण २००८च्या ऑलिंपिकचा उद्घाटन सोहळा सरकारने त्यांच्याकडेच दिला. एवढं वजन असूनही २०१९ला बर्लिन महोत्सवातून त्यांचा सिनेमा ऐनवेळी मागे घेतला गेला. कारण दिलं ‘तांत्रिक’.

मला बंदीपेक्षा जास्त काळजी वाटते ती सवयीची. लिहितानाच ‘हे पास होईल का?’ असा विचार करायची सवय विशीत लागली की सुटत नाही.

म्हणून तिला नेमकं काय करायचंय ते आधी विचारा. छायाचित्रण, ध्वनी, संकलन म्हणत असेल तर बिनधास्त पाठवा. उद्योग प्रचंड मोठा आहे, हात तयार होईल. पण समाजावर, सत्तेवर बोलणारं दिग्दर्शन करायचं असेल तर पदवीनंतर पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेची प्रवेश परीक्षा द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे दिग्दर्शन आणि पटकथालेखनाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. चिनी भाषा वाया जाणार नाही. बीजिंगचा छोटा कोर्स नंतरही करता येईल.

या आठवड्यात तिला सांगा, पहिल्या दोन सिनेमांच्या कल्पना प्रत्येकी पानभर लिहून काढ. ती पानं मला पाठवा. मग शिष्यवृत्ती आणि भाषेच्या परीक्षेचं बघू.