क्युरेट, व्हिकर, रेक्टर : तिघेही ‘पाद्री’च का?

फ्रान्सिस किल्व्हर्ट या इंग्लिश प्रोटेस्टंट धर्मगुरूच्या 1870 ते 1879 च्या रोजनिशीचा अनुवाद करताना क्युरेट, व्हिकर आणि रेक्टर या तिघांसाठी ‘पाद्री’ चालेल का, असा प्रश्न आहे.

माझ्या मते चालणार नाही. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि मराठी कानाला आधी कॅथलिक फादर आठवतो. आपल्याकडच्या प्रोटेस्टंट मंडळींत ‘पाळक’ रुळलेला आहे, सर्वसाधारण उल्लेखाला तोच घ्यावा. पदनामे मात्र तशीच ठेवावीत, कारण त्यांतला फरक उपासनेचा नाही, उत्पन्नाचा आहे.

दशांश म्हणजे गावाने चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा. त्याचे दोन भाग असत. धान्य, वाळलेले गवत आणि लाकूड यांचा तो मोठा दशांश; कोकरे, फळफळावळ वगैरेंचा लहान. रेक्टरला दोन्ही मिळत. व्हिकरला बहुधा लहानच, कारण मोठा पूर्वी मठाने घेतलेला असे आणि आठव्या हेन्रीने मठ मोडल्यावर तो बऱ्याच ठिकाणी जमीनदारांकडे गेला. क्युरेटला दशांशावर हक्कच नसे. व्हिकर किंवा रेक्टर त्याला ठरावीक वेतनावर मदतीला ठेवी. म्हणून ‘सहायक पाळक’ ठीक, ‘शिकाऊ पाळक’ चूक. किल्व्हर्टने धर्मगुरूची रीतसर दीक्षा घेतली होती, तरी वेल्समधल्या क्लायरो गावी 1865 पासून सात वर्षे तो व्हेनेबल्स या व्हिकरच्या हाताखाली क्युरेटच राहिला. मालकीचे घर नाही, भाड्याच्या खोल्या. हे सगळे ‘पाद्री’त बुडून जाते.

1877 मध्ये त्याला ब्रेडवर्डीन गावचे ‘लिव्हिंग’, म्हणजे व्हिकरचे पद आणि त्याला जोडलेले उत्पन्न, मिळाले. इथे ‘उपजीविका मिळाली’ असे लिहिल्यास अर्थ निसटतो. आपल्या जुन्या कागदपत्रांतला ‘वृत्ती’ जवळचा आहे, पण ग्रामजोशाच्या वृत्तीसारखी ती वंशपरंपरागत नसे, एवढी तळटीप हवी. 1836 च्या कायद्याने दशांश रोख झाला होता आणि गहू, बार्ली, ओट यांच्या सात वर्षांच्या सरासरी भावावर त्याची रक्कम ठरे. त्यामुळे 1878 च्या फेब्रुवारीतल्या नोंदीत शेतकरी त्याच्या घरी येऊन पैसे भरतात. काहींची रक्कम जेमतेम 9 पेन्स, आणि त्यांतले काही जण तेवढ्याच किमतीचे पाव, चीज आणि बिअर तिथेच फस्त करतात! ‘दशांश’ऐवजी ‘देणगी’ लिहिले, तर ही गंमत कळणारच नाही, कारण ते कायद्याने वसूल होणारे देणे होते.

‘व्हिलेजिंग’ हा त्याचा लाडका शब्द. क्लायरोत शाळेत शिकवणे झाले की तो दुपारी आजारी आणि म्हाताऱ्या माणसांकडे चालत जाई. ‘गावात भटकलो’ नको. मराठी पाळक ज्याला ‘घरभेटी’ म्हणतात, तेच हे काम.

रविवारच्या नोंदीत ‘ड्यूटी घेतली’ आले तर ‘उपासना चालवली’ असे करावे, ‘कर्तव्य बजावले’ नव्हे. आणि स्कॉटिश किंवा अमेरिकन रोजनिशी हाती घेतली, तर तिथला ‘मिनिस्टर’ म्हणजे पाळकच. त्याचा ‘मंत्री’ झालेला छापील अनुवादातही सापडतो.