अबोला नक्की कुणाशी धरलायस?

तुझा मेसेज दोनदा वाचला. तुझ्या धार्मिक गटात शंका काढल्यावर "तुझी श्रद्धाच कच्ची" असं तिथल्यांनी सगळ्यांसमोर सुनावलं, आणि तेव्हापासून प्रार्थनेलाही मन लागत नाही म्हणे. अरे पण राग आलाय तो देवाचं ऑफिस चालवणाऱ्यांचा आणि अबोला धरलायस देवाशी, हे कसं काय?

स्पिनोझा ह्या तत्त्वज्ञाबद्दल आपण एकदा बोललो होतो बघ. 27 जुलै 1656, ॲम्स्टरडॅम, पोरगा अवघा 23 वर्षांचा आणि त्याच्याच ज्यू समाजाने त्याला बहिष्कृत केलं. त्या आदेशात शिव्याशाप भरपूर, त्याच्याशी बोलू नका, एका छपराखाली राहू नका, चार हातांच्या आत जाऊ नका, त्याचं लिखाण वाचू नका, पण तो नेमकं काय बोलला होता ते कुठेच नाही, नुसतं मोघम पाखंड पाखंड. नंतर तो भिंगं घासून पोट भरायचा. दुसऱ्या कुठल्या धर्मात गेला नाही आणि देवाचा विचार तर शेवटपर्यंत सोडला नाही, फक्त त्याचा देव सृष्टीहून वेगळा नव्हता.

आता ह्याचा अर्थ संस्था म्हटली की वाईटच असं नाही हं. मीही एका गटात बरीच वर्षं होतो. वडील आजारी होते तेव्हा तिथलीच माणसं रात्र रात्र बसली, ते खोटं नव्हतं. पण देणग्यांचा हिशोब विचारला तर मला म्हणाले तुझा अहंकार वाढलाय! हिशोब राहिला बाजूला आणि मी माझा अहंकार तपासत बसलो, दोन वर्षं गेली त्यात. म्हणून सांगतो, पुढच्या वेळी काही विचारलंस तर एवढंच बघ की उत्तर प्रश्नाला येतंय का तुझ्या स्वभावाला.

आणि बाहेर पडून लगेच दुसरा गुरू पकडू नकोस, देव नाही असं छातीठोक सांगणारेही भक्तच गोळा करतात कधीकधी. मीही त्यात आलो, माझंही पटलं तरच घे.

सोडायचं की राहायचं हे इतक्यात ठरवूच नकोस. काही दिवस एकट्याने बस, त्यांचे शब्द न वापरता, तुझ्या साध्या भाषेत देवाशी बोल. काहीच सुचलं नाही तर गप्प बस, कंटाळा आला की ऊठ. घरी मात्र वाद उकरून काढू नकोस, आणि झालाच तर फोन कर, मी उशिरापर्यंत जागा असतो.